अंगठ्याची थंडी

मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं. मंडळाचे कार्यवाह मला म्हणाले, "काका, नवीन आलेली मुलं हिवाळ्यात एटीव्हीवर फिरायला जातात आणि बोटं पांढरी करून परत येतात. दोन शब्द सांगा." आपल्याकडे दोन शब्द म्हणजे किती वेळ, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी मिनेसोटात आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारी म्हणाला, फोर-व्हीलर घेऊन तळ्याकडे जाऊ. इथे एटीव्हीला फोर-व्हीलर म्हणतात, आपल्याकडे फोर-व्हीलर म्हणजे मोटार. मी मोटारीत बसायच्या तयारीने निघालो. जीन्स, स्वेटर, वर सेलमध्ये घेतलेलं जाकीट. बाहेर बघतो तर चार फुगीर टायर, घोड्यावर बसावं तशी सीट आणि समोर हँडल. काच नाही, दार नाही, छप्पर नाही. नाही म्हणायची लाज वाटली म्हणून बसलो. त्या दिवशी उणे १५ होतं. मी आकडे सेल्सिअसमध्येच सांगणार आहे. इतकी वर्षं इथे काढली, पण फॅरनहाइटमध्ये मला अजून थंडी वाजत नाही.

वीस मिनिटांत उजवा अंगठा गेला. म्हणजे जागेवर आहे की नाही तेच कळेना.

अंगठाच का, ते बघा. मोटरसायकलची मूठ आपण पिळतो. बहुतेक एटीव्हींना उजव्या मुठीजवळ एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्याने दाबून धरायची. दाबली की गाडी पळते, सोडली की मंदावते. तासभर फिरलात तर तासभर अंगठा एकाच जागी, वाऱ्याच्या तोंडाशी. बाकीची चार बोटं निदान मूठ धरून एकमेकांना बिलगलेली असतात. मी दुकानात जाऊन सगळ्यात जाड मिटन हातमोजे आणले. मिटन म्हणजे चार बोटांना एक खोली आणि अंगठ्याला वेगळी. राबणारा तोच आणि वाळीत टाकलेलाही तोच! पुन्हा गेलो, पुन्हा तेच झालं.

तिसऱ्या खेपेला गाडी बर्फात रुतली, ती आम्ही ढकलून काढली. मी हात झटकत उभा होतो. शेजाऱ्याने माझ्या हातमोज्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. जाकिटाची चेन खाली ओढली आणि आतला गंजीफ्रॉक चिमटीत धरला. घामाने ओला होता.

आजचं अर्धं व्याख्यान त्या चिमटीत आहे. हातमोजा ऊब तयार करत नाही, आलेली ऊब धरून ठेवतो. थर्मासमध्ये गार चहा ओतला तर तो गारच राहणार. बोटांत ऊब येते ती रक्ताबरोबर, आणि ते रक्त सोडायचं की नाही हे धडावर ठरतं. छाती-पोट गारठायला लागलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि ऊब आतल्या अवयवांसाठी राखून ठेवतं. बर्फात चालणाऱ्या माणसाचे स्नायू तरी ऊब तयार करत असतात. एटीव्हीवर आपण पाटावर बसल्यासारखे बसून असतो आणि वारा मात्र स्वतःच तयार करतो.

या वाऱ्याचा हिशोब कुणी मांडला, ती गोष्ट मला फार आवडते. पॉल सायपल हा १९२८ साली बॉय स्काउट म्हणून रिचर्ड बर्ड या अमेरिकन संशोधकाच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेला होता. पुढे शास्त्रज्ञ होऊन तो पुन्हा तिथे गेला आणि १९४१च्या हिवाळ्यात चार्ल्स पॅसेल या सहकाऱ्याबरोबर त्याने प्लास्टिकच्या डबीत पाणी भरून ती वाऱ्यात टांगली. किती वाऱ्यात पाणी किती वेळात गोठतं, याची नोंद केली. बस, एवढंच. १९४५ साली ते छापून आलं आणि त्यातून 'विंड चिल', म्हणजे वाऱ्यात किती थंड वाटतं, हा आकडा जन्माला आला. पण माणूस म्हणजे पाण्याची डबी नव्हे. म्हणून २००१ साली अमेरिका आणि कॅनडाने नवं सूत्र आणलं. त्यासाठी टोरांटोत १२ जणांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवून त्यांच्या चेहऱ्यांवर मापं घेतली होती.

त्या सूत्राने उणे १५ला ताशी ४० किलोमीटर वारा म्हणजे उणे २७ वाटतं. इथे एक गोम आहे, ती विंड चिलच्या तक्त्यावर लिहिलेली नसते. तक्त्यातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला. चेहऱ्याच्या उंचीला तो साधारण दोन तृतीयांश उरतो, हे सूत्रात धरलेलं आहे. गाडीवर मात्र ४० म्हणजे तोंडावर पुरते ४०. तेव्हा ताशी ६०चा रकाना बघायचा, आणि तिथे लिहिलंय उणे ३०. हा हिशोब उघड्या कातडीपुरता, बरं का. इंजिनाला विंड चिल नसतो. ते हवेच्या तापमानाखाली जात नाही, फक्त तिथवर लवकर पोचतं.

यात आपल्याला नवीन काही नाही. निफाडला पारा ६ वर आलेल्या पहाटे ताशी ५०ने मोटरसायकल हाणणाऱ्याला, याच हिशोबाने, उणे १ अंश वाटतं. तो काय करतो? स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालतो. वारा अडला, कागदाच्या घड्यांत हवा अडकली, काम झालं. इथे शेकडो डॉलरचं जाकीट विकत घेता तेव्हा त्या वर्तमानपत्राचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती घेत असता.

तर कपडे. अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल. सुती नाही म्हणजे नाही. सूत घाम पिऊन बसतं, आणि पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने ऊब ओढून नेतं. मधे फ्लीस, म्हणजे ऊबदार लवेचं कापड. वर वारा न शिरणारं जाकीट आणि तसलीच विजार. गाडी रुतली तर ढकलण्याआधी चेन उघडा, घाम फुटल्यावर उघडून उपयोग नाही. गळ्यापाशी आणि मनगटापाशी फट ठेवू नका. आईने पाठवलेली माकडटोपी हेल्मेटखाली बसत असेल तर बिनदिक्कत घाला, कोणी बघत नाही. बूट मात्र एक माप मोठे. दोन जाड मोजे कोंबून पाय आवळला की रक्तच पोचत नाही. बुटात फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर असेल तर रात्री काढून वाळत घाला.

आता अंगठा. हँडलवर चढवायच्या मोठ्या पिशव्या मिळतात, इथे त्यांना मफ म्हणतात. हात आत घालायचा. वारा बाहेरच्या बाहेर अडतो, त्यामुळे आत पातळ हातमोजे पुरतात आणि ब्रेक नीट हाताळता येतो. या दिसायला भयंकर असतात, स्वयंपाकघरातून ओव्हनचे हातमोजे पळवून आणल्यासारख्या. पण पैसा आधी यांच्यावर लावा, मग गरम होणाऱ्या मुठींवर. त्या मुठी घ्याल तेव्हा अंगठ्याच्या पट्टीचा वेगळा हीटर घ्यायला विसरू नका. आणि इंजिन बंद असताना त्या चालू ठेवल्यात तर बॅटरी उतरेल, मग तळ्याकाठून चालत या.

खिशात ठेवायच्या गरम पुड्या १९७८ साली जपानमध्ये लोट्टे कंपनीने बाजारात आणल्यापासून लोकप्रिय झाल्या. आत लोखंडाची पूड असते, ती हवेत गंजते आणि त्या गंजण्याची ऊब आपल्याला मिळते. म्हणून हाताची पुडी घट्ट बुटात घातली की विझते. हवा कुठून मिळणार तिला? पायाच्या वेगळ्या असतात.

पंधरा-वीस मिनिटांनी थांबा, उतरा, हात खांद्यातून गोल फिरवा, आणि एकमेकांचे चेहरे बघा. नाकाच्या शेंड्यावर, गालावर पांढरा मेणचट डाग दिसला तर फिरणं संपलं. दुखायचं थांबलं म्हणून खूश होऊ नका, ते वाईट लक्षण आहे. गोठलेल्या भागावर बर्फ चोळू नका, तो शेकोटीवर धरू नका. पुन्हा गोठणार नाही अशा जागी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा. तोंडाला तेल किंवा व्हॅसलीन थापून जायची आपली सवयही सोडा. फिनलंडच्या सैनिकांत मलम लावणाऱ्यांचेच चेहरे आणि कान जास्त गोठलेले आढळले. आणि माझ्या वयाच्या, मधुमेहाच्या मंडळींना खास सांगतो, आपल्या बोटांना आधीच कमी कळतं. आपण घड्याळ लावून थांबायचं.

दारू पिऊन निघू नका, कातडीला ऊब वाटते आणि धड गारठतं. तळ्यावर चढण्याआधी भोक पाडून बर्फ मोजा. एटीव्हीला नवा, पारदर्शक बर्फ निदान ५ ते ७ इंच हवा, पांढऱ्या बर्फावर तर त्याहून पुष्कळ जास्त.

गाडी बाहेर पार्किंगमध्ये उभी आहे, मफ चढवलेले आहेत. आत्ता उणे ११ आहे. एकेकाने बसायचं, हातमोजे काढून दोन मिनिटं मफमध्ये हात घालायचे, मग बाहेर काढून बघायचं. गंजीफ्रॉकवाल्यांनी चहा घेऊन शेवटी या.