चेन-मेसेजमधला ‘आज’

[दृश्य: अंधारी खोली. उशाशी ठेवलेला फोन उजळतो.]

रात्रीचे पावणेबारा. घरच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज येतो. ‘तातडीचे! बी निगेटिव्ह रक्त हवे आहे. सहा वर्षांची मुलगी. आज रात्रीपर्यंत मिळाले नाही तर... खालील नंबरवर फोन करा. दुर्लक्ष करू नका, पुढे पाठवा.’ खाली जोडलेले हात, तीन वेळा.

एकदा नीट वाचू या. रक्तगट आहे, वय आहे, फोन नंबर आहे. तारीख मात्र नाही. आहे तो नुसता ‘आज’. आणि चेन-मेसेजमधला ‘आज’ कधी शिळा होत नाही. तुम्ही ज्या दिवशी उघडाल, त्या दिवशीचा तो असतो.

दोन मिनिटांत तिघांनी तो पुढे ढकललाही होता. खरं सांगायचं तर मीही ढकलणारच होतो.

[दृश्य: जुनी पाकिटं, टपालाचे शिक्के.]

‘पुढे पाठवा’ ही युक्ती इंटरनेटच्या कितीतरी आधीची. १९३५ साल, अमेरिकेतलं डेन्व्हर, मंदीचे दिवस. घरोघर पत्रं येऊ लागली. पत्रात सहा नावांची यादी. पहिल्या नावाला दहा सेंटचं नाणं पाठवायचं, ते नाव खोडायचं, तळाशी आपलं लिहायचं आणि पाच प्रती काढून पाच जणांना धाडायच्या. आपलं नाव वर चढलं की १५,६२५ नाणी, म्हणजे दीड हजार डॉलरहून जास्त, घरबसल्या. टपालकचेरीत पत्रांचे ढीग लागले. गणित कागदावर अचूक होतं, फक्त ते पुढे करत जायचं नाही. कारण पाच-पाच करत चौदाव्या पायरीला ६१० कोटी माणसं लागतात, आणि तेव्हा सगळ्या जगात मिळून माणसं होती साधारण २०० कोटी.

पुढे ईमेल आला, टपालखर्च गेला. आता नाणी मागायचीही गरज उरली नाही.

[दृश्य: जुन्या संगणकाचा पडदा. फायलींच्या यादीत अस्वलाचं छोटं चित्र.]

माझ्या आवडीचं उदाहरण २००२ सालचं आहे. ईमेल आला तो ओळखीच्या माणसाकडून, माफी मागत. ‘माझ्या संगणकातून तुमच्याकडे व्हायरस गेला असावा. तो चौदा दिवस गप्प बसतो, अँटीव्हायरसला सापडत नाही. जेडीबीजीएमजीआर नावाची फाइल शोधा. तिच्यावर अस्वलाचं चित्र असेल. उघडू नका, लगेच पुसून टाका आणि तुमच्या यादीतल्या सगळ्यांना कळवा.’ लोकांनी शोधलं. अस्वल सापडलं! पायाखालची जमीनच सरकली. अस्वल सापडणारच होतं, कारण ती विंडोजचीच फाइल होती, जावा या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कामाची. ती पुसल्याने बहुतेकांचं काही बिघडलं नाही. पण आदल्या वर्षी अशाच ईमेलने विंडोजची आणखी एक चांगली फाइल लोकांना स्वतःच्या हाताने पुसायला लावली होती.

यात व्हायरस कुठेच नव्हता. भीती होती, हाताशी लागणारा पुरावा होता आणि ‘सगळ्यांना कळवा’ होतं. पसरवण्याचं काम माणसांनी केलं, तेही एकमेकांच्या काळजीने. म्हणून खोटे मेसेज पाठवणाऱ्यांना सरसकट मूर्ख ठरवणाऱ्यांचं मला पटत नाही. मुळात खोटं रचणारा एखादाच असतो. पुढे पाठवणारी बहुतेक माणसं चांगली असतात, आणि खरी अडचण तीच आहे.

[दृश्य: एका बिंदूपासून फुटत जाणाऱ्या रेषांचं जाळं.]

२०१८ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या त्यांनी तपासल्या. पसरवणारे होते सुमारे ३० लाख लोक. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. खरी बातमी १,५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सहापट वेळ घेत होती. संशोधकांनी बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमने चालणारी खाती, वगळून हिशेब केला, तरी चित्र तेच राहिलं. खोट्यात नवल असतं. खरं बहुधा कंटाळवाणं असतं, त्याला कोण कशाला पुढे पाठवील?

मग उत्तर द्यायचं कसं? नुसतं ‘हे खोटं आहे’ म्हणून भागतं का?

[दृश्य: कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम. पडदा हलतो.]

फ्रान्समधलं ऑर्लेआं शहर, मे १९६९. कुजबुज सुरू झाली की शहरातल्या कपड्यांच्या काही दुकानांमध्ये ट्रायल रूममध्ये गेलेल्या मुली परत येत नाहीत. इंजेक्शन देऊन त्यांना बेशुद्ध करतात, तळघरातून भुयाराने नदीकडे नेतात. कोणी तर नदीत पाणबुडीही उभी केली. ज्या दुकानांकडे बोट दाखवलं जात होतं, त्यांचे मालक ज्यू होते. हा योगायोग नव्हता, जुना द्वेष नव्या कपड्यांत आला होता.

शहरातून एकही मुलगी बेपत्ता झाल्याची तक्रार पोलिसांकडे नव्हती. एकही नाही. खरं तर इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण पोलिस असं म्हणताच लोक म्हणू लागले, पोलिसांनी पैसे खाल्लेत. पेपरात काही येईना, तर पेपरवालेही विकले गेले. दुकानांसमोर माणसं जमू लागली. समाजशास्त्रज्ञ एडगर मोरँ त्याच उन्हाळ्यात सहकाऱ्यांसह तिथे जाऊन लोकांशी बोलले. तोवर पेपरांनी आणि संघटनांनी या प्रकाराला ज्यूद्वेष म्हणत झोडपलं होतं, बोलणारे गप्प झाले होते. तरी मागे गाळ उरलाच होता: आगीशिवाय धूर निघत नाही म्हणे.

म्हणजे नकार देणाऱ्यावर विश्वासच नसेल, तर नकारही अफवेच्या पोटात जातो. काय सांगितलं याच्याआधी कोण सांगतंय ते पाहिलं जातं. हजार अनोळखी लोकांनी खोडून काढलेली गोष्ट घरातल्या एका माणसाच्या सांगण्याने सुटते, ती यामुळेच.

[दृश्य: छापखाना, वर्तमानपत्राचं पान.]

दुसऱ्या महायुद्धात बोस्टनमधल्या एका वर्तमानपत्राने वेगळी वाट धरली. १९४२ च्या मार्चपासून तिथे ‘रूमर क्लिनिक’ नावाचं सदर येऊ लागलं. शहरात फिरणारी एखादी अफवा घ्यायची, चौकशी करायची आणि उत्तर छापायचं. अमेरिकेच्या युद्धमाहिती खात्याला हे सदर फारसं रुचत नव्हतं. छापल्याने अफवा आणखी पसरणार नाही का, ही त्यांची धास्ती.

धास्ती अगदीच पोकळ नव्हती. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगात दाखवलं की तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर आलं की खरं वाटायला लागतं. म्हणून मूळ मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवून त्याला ‘खोटं आहे’ची शेपटी लावायची, हे मला उलटं काम वाटतं. वाचणारा वरचं वाचतो, शेपटीपर्यंत येतच नाही.

पण म्हणून गप्प बसावं, असंही नाही. २०१० मधल्या एका प्रयोगात दुरुस्ती वाचून काही जण आपल्या चुकीच्या समजाला उलट जास्तच चिकटले, आणि समजावण्यात अर्थ नाही असा बोलबाला झाला. पुढे वूड आणि पोर्टर या दोन संशोधकांनी ५२ मुद्द्यांवर, १०,००० हून अधिक लोकांबरोबर तेच तपासून पाहिलं. तसा उलटा परिणाम जवळजवळ कुठेच दिसला नाही. माणसं वस्तुस्थिती ऐकतात. लगेच मत बदलत नाहीत, ही गोष्ट वेगळी. आपणही बदलत नाही.

[दृश्य: पुन्हा तोच फोन. सकाळचा उजेड.]

सकाळी मी त्या नंबरवर फोन केला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. मी विषय काढायच्या आतच पलीकडचा माणूस म्हणाला, ‘रक्तासाठी ना? मिळालं हो. दोन वर्षं झाली.’ आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्याला अजून फोन येतात. रात्रीही येतात. म्हणजे काकूंचा मेसेज खोटा नव्हताच, शिळा होता. जाळ्यात फिरणारं बरंचसं असंच असतं. एकेकाळी खरं, किंवा दुसरीकडे कुठेतरी खरं. पुराचा फोटो खरा असतो, पूर दहा वर्षांपूर्वीचा असतो. फोटोच सर्चमध्ये टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधलं, किंवा मेसेजमधलं एखादं आख्खं वाक्य शोधून पाहिलं की पाच मिनिटांत वय कळतं. ज्या मेसेजमध्ये नंबर आहे, तिथे तर सरळ फोन करता येतो. आश्चर्य म्हणजे आमच्या ग्रुपवरच्या कोणीच केला नव्हता.

मग मी ग्रुपवर लिहायला घेतलं. ‘काकू, हा मेसेज फेक आहे. असलं काही पाठवत जाऊ नका.’

पाठवायच्या आधी वाचलं आणि पुसलं. एक तर ‘फेक’ हेच चूक होतं. आणि बावीस जणांसमोर काकूंना वेड्यात काढून मला काय मिळणार होतं? पुढच्या वेळी त्या मेसेज पाठवायच्या थांबल्या नसत्या, मला दाखवायच्या थांबल्या असत्या.

[दृश्य: टाइप होत जाणारी अक्षरं, अगदी जवळून.]

दुसरा मसुदा फक्त त्यांनाच. ‘काकू, रात्रीच्या नंबरवर आत्ताच बोललो. त्यांना रक्त मिळालं, दोन वर्षांपूर्वीच. मेसेजवर तारीख नाही, त्यामुळे कोणालाच कळलं नाही, मीही पुढे पाठवणार होतो. त्यांना अजून फोन येतात. ग्रुपवर तुम्हीच एक ओळ टाकता का?’

‘मिळालं’ हा शब्द मुद्दाम आधी घेतला. नवी गोष्ट ती होती. रक्त हवंय, हे पुन्हा लिहिलंच नाही. आणि शेवटची ओळ त्यांच्या हाती दिली, कारण ज्यांनी त्यांच्याकडून घेऊन मेसेज पुढे पाठवला, ते माझं नाही, काकूंचं ऐकतील.

दोन निळ्या खुणा. ‘टाइप करत आहे...’ दिसलं, गेलं, परत दिसलं. ग्रुपवर काकूंची ओळ आली: ‘रक्त मिळालेले आहे, कृपया त्या नंबरवर फोन करू नये व मेसेज पुढे पाठवू नये.’ खाली जोडलेले हात, या वेळी एकदाच.

मग मला वेगळा मेसेज आला.

‘बरं झालं फोन केलास. ती मुलगी कशी आहे आता?’

हे मी विचारलंच नव्हतं.