बाटली पडली, पुढं काय?

(सोलापुरात सुट्टीतल्या एका शिबिरात पालक आणि मुलांसमोर केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

बाहेर ऊन काय पडलंय ते तुम्हाला सांगायला नको, तरी पोरांना घेऊन एवढे जण आलात, बरं वाटलं. मी विज्ञान शिकवायचे, आज बोलायचंय घरातल्या अपघातांवर, पण सुरुवात माझ्या घरापासनं करते.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मे महिना, मी गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेले आणि हिनं खाली स्वतःच पापड तळायला घेतला, तेल हातावर उडालं. मला हाक नाही मारली, रडली नाही, टूथपेस्ट फासली आणि लांब बाह्यांचा ड्रेस घालून गप बसली. सोलापुरात, मे महिन्यात, लांब बाह्या! रात्री जेवताना हात वाकवता येईना तेव्हा मला कळलं. का गं सांगितलं नाहीस, तर म्हणाली, परवा कप फुटला तेव्हा तू मारलंस ना. ते वाक्य मला अजून टोचतं.

आता तुम्हाला दुसरी एक फुटलेली वस्तू सांगते. १९०३ साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेडिक्टस नावाच्या केमिस्टच्या हातून काचेची एक बाटली उंचावरनं खाली पडली, तडकली पण तुकडे विखुरलेच नाहीत, जागच्या जागी चिकटून राहिले. बाटलीत आधी सेल्युलोज नायट्रेट नावाच्या रसायनाचं द्रावण होतं, ते वाळून आतनं पातळ पापुद्रा धरला होता. त्यानं केरसुणी घेऊन झाडून टाकलं असतं तर विषय संपला होता, पण त्यानं विचारलं, यात काय होतं? त्यातनं पुढं दोन काचांमध्ये पापुद्रा घातलेली सेफ्टी काच आली, आज गाडीची पुढची काच तशीच असते. पडलेल्या बाटलीला त्यानं जो प्रश्न विचारला तो मी फुटलेल्या कपाला, माझ्या लेकीला विचारला नव्हता.

सिलेंडरची पण एक गोष्ट आहे. आपण गॅस संपला का बघायला टाकी हलवून बघतो ना? ६ एप्रिल १९३८ ला अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाच्या तरुण केमिस्टनं एका टाकीचा व्हॉल्व उघडला, गॅस काही येईना, पण वजन केलं तर भरल्यासारखंच. रिकामी म्हणून बाजूला न टाकता त्यानं ती कापून बघितली, आत पांढरी पावडर! तेच टेफ्लॉन, तुमच्या नॉनस्टिक तव्यावर असतं ते.

आपल्या घरातल्या टाकीचं बघा. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, खाली फरशीलगत साचतो. म्हणजे जमिनीवर खेळणाऱ्या पोराला वास तुमच्या आधी येऊ शकतो. पोरगं म्हणतं आई कसला तरी वास येतोय, आणि आपण म्हणतो काही नाही रे, अभ्यास कर. असं करू नका ओ. मोठ्यांनी रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, आणि लाइटचं बटन चालू पण नाही करायचं, चालू असेल तर बंद पण नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते, फॅनचं पण तेच. बाहेर आल्यावर १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन. पोरांचं काम एवढंच, सगळ्यांना हाक मारायची आणि बाहेर पळायचं, टाकीला हात लावायला जायचं नाही. शूर पोरगं वगैरे कौतुक मला नको आहे, मला जिवंत पोरगं पाहिजे.

भाजलं तर पुस्तकात लिहितात वाहत्या नळाखाली २० मिनिटं धरा. बरोबर आहे, पण आपल्याकडं पाणी रोज येत नाही आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं! मग माठातलं घ्या, तांब्या-तांब्यानं हळूहळू ओता नाहीतर पातेल्यात हात बुडवून ठेवा, बांगडी-अंगठी आधी काढा. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट तर नकोच, नंतर डॉक्टरला ती खरवडावी लागते आणि पोराला दुसऱ्यांदा दुखतं.

पोरांना तातडीच्या मदतीचा ११२ नंबर येतो, पण पत्ता? परवा एका मुलाला विचारलं तर म्हणाला, आमचं घर म्हणजे आजीच्या घराच्या मागं. गोड आहे, पण फोनवरच्या माणसाला आजीचं घर कसं कळणार? पेठ, गल्ली, जवळचं मंदिर नाहीतर दुकान, हे पाठ करून घ्या.

आणि कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही. पाणी तेलाच्या खाली जातं, क्षणात वाफ होते आणि पेटलेलं तेल अंगावर उडवते. आधी बर्नर बंद, मग वरनं मोठं झाकण. हे मोठ्यांनीच करायचं, पण झाकण कुठं ठेवलंय ते पोरांना पण माहीत पाहिजे. ती कढई आणा बरं इकडं, रिकामीच आहे, पेटवणार नाही आपण. पोरांनो पुढं या, ज्याच्या घरी झाकण कुठं असतं ते माहितीये त्यानं हात वर करा.