कॉम्प्युटरचा हात थरथरतो तेव्हा

मंडळी, कॉम्प्युटरने काढलेलं घराचं चित्र हाताने काढल्यासारखं कसं दिसेल, हा आजचा विषय. पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या. खरं तर त्याच्यासाठीच आलोय.

फोंड्याकडचं घर. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे बलकांव, म्हणजे बसायचा व्हरांडा. ऑफिसातल्या पोराने रात्रभर मशीन तापवून असा चकचकीत थ्रीडी काढला की आत जाऊन चहा मागवावा! यजमानांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘ही गाडी कोणाची?’ मग गाडीचा रंग. मग उशांचे अभ्रे. वहिनी म्हणाल्या, ‘कुंडीत जास्वंद का नाही?’ स्वयंपाकघर मागे की बाजूला, हे कोणी विचारलंच नाही. चित्रात सगळं ठरूनच गेलं होतं ना! पुढच्या खेपेला तेच मॉडेल नुसत्या रेघांत नेलं. वहिनींनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तुळशीवृंदावन सरळ दारासमोर आणून ठेवलं.

हे माझंच नाही. १९९६ साली जर्मनीत माग्डेबुर्गच्या संशोधकांनी वास्तुविशारदांना विचारलं. पहिल्या आराखड्यासाठी त्यांचा कल स्केचकडे होता, चकचकीत चित्र शेवटच्या सादरीकरणाला.

आपल्याकडे रेघेचं कौतुक नवं नाही. पणजीच्या कला अकादमीच्या नाट्यगृहात व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी भिंतींवर प्रेक्षक रंगवले. काही कार्यक्रमांना वेळेवर हजर असतात ते तेवढेच.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, पटापट.

रेव्हिट या इमारतींचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१५च्या आवृत्तीपासून स्केची, म्हणजे हाताने काढल्यासारख्या रेघा आहेत, सरकवायच्या दोन पट्ट्यांसकट: जिटर म्हणजे रेघेची थरथर, एक्स्टेन्शन म्हणजे रेघ टोकापलीकडे किती जाते ते. लोक जिटर शेवटपर्यंत ओढतात आणि घर भूकंपात सापडल्यासारखं दिसतं. सराईत हात थरथरत नाही हो. लांब रेघ मध्ये किंचित झुकते, कोपऱ्यात दोन रेघा एकमेकींना जराशा ओलांडून जातात. म्हणून जिटर अगदी कमी, एक्स्टेन्शन बेताचं.

दुसरं, कौलं. कॉम्प्युटर एकूण एक कौल काढतो आणि तिथेच पकडला जातो. माणूस पागोळीपाशी चार ओळी काढतो, आढ्याजवळ दोन, मधलं कोरं सोडतो. तेव्हा बाह्यरेषा, पोत आणि सावल्या वेगवेगळ्या लेयरवर काढा आणि पोताचा लेयर फोटोशॉपमध्ये मोठ्या ब्रशने मधूनमधून पुसा. बाहेरची कड जाड, आतल्या रेघा बारीक. एकच माड चार ठिकाणी चिकटवू नका.

आणि एवढं करून जमलंच नाही, तर मॉडेल फिकट प्रिंट करा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेनाने गिरवा. ही लबाडी नाही, मी रोज करतो. पावसाळ्यात मात्र तो कागद दमटून सुरकुततो, चारी कोपरे आधी टेपने... हां, मागचे, बोला.