अस्वल नसलेले दगड

नमस्कार मंडळी. विषय बघून काही जणांना वाटलं असेल की हे काय नवीनच, पण टोरांटोत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी इन्युइट, म्हणजे कॅनडाच्या अति उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांची, शिल्पं बघितलेली आहेत, एखाद्या गिफ्ट शॉपमध्ये, नाहीतर ऑफिसात कुणाच्या रिटायरमेंटला दिलेलं ते हिरव्या दगडाचं चकचकीत अस्वल, एका पायावर नाचणारं. छानच असतं ते, माझं त्याच्याशी काही वैर नाही. फक्त आज मी दाखवणार आहे ते दगड वेगळेच आहेत आणि त्यातला पहिला बघून तुमच्यातलं कुणीतरी नक्की म्हणणार, की यात केलंय काय?

हा बघा. करडा दगड, एका बाजूने चढत जातो, दुसऱ्या बाजूने उतरतो, वरच्या बाजूला जरा सपाट जागा आणि तिथे चार-पाच रेघा, म्हणजे दोन डोळे, नाक, तोंड. संपलं. हात नाहीत, पाय नाहीत, अंगावर कपडे आहेत का तेही कळत नाही, पण माणूस आहे हे कळतं आणि बसलेला आहे हेही कळतं. हा जॉन पँगनार्क, जन्म 1920, मृत्यू 1980, राहायला आर्व्हियात या गावी, हडसन बेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या नुनावूत या उत्तरेकडच्या प्रदेशात. त्याने जवळजवळ हा एकच विषय केला, एकटा माणूस, आणि दरवेळी त्यातलं अजून थोडं काढून टाकत गेला.

आता थोडा इतिहास, पटकन सांगते कारण हा भाग कुठेही वाचायला मिळतो. 1948 मध्ये जेम्स ह्यूस्टन नावाचा तरुण चित्रकार उत्तर क्वेबेकमधल्या इनुकजुआकला गेला, तिथल्या लोकांनी कोरलेल्या छोट्या वस्तू घेऊन आला, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये माँट्रियलला हँडिक्राफ्ट्स गिल्डने अशा वस्तूंची विक्री लावली तर माल तीन दिवसांत खलास. तेव्हा पांढऱ्या कोल्ह्याच्या कातडीचे भाव कोसळलेले, लोकांच्या हातात पैसा नाही, सरकारलाही उत्तरेकडे काहीतरी उद्योग हवाच होता, म्हणून कोरकाम वाढवलं गेलं. म्हणजे ही कला आधुनिक आहे, बाजारासाठी सुरू झालेली आहे. आपल्याला उगाच वाटत असतं की हजार वर्षं हे लोक इग्लूत बसून हीच शिल्पं कोरत होते. वॉलरसच्या सुळ्यांच्या छोट्या वस्तू जुन्या आहेत, हो, पण टेबलावर ठेवायचं दगडी शिल्प हे विसाव्या शतकातलं प्रकरण.

पण आर्व्हियातची गोष्ट यात सरळ बसत नाही. तिथले बरेच कलाकार मूळचे समुद्रकाठचे नाहीत, आतल्या टुंड्रातले, कॅरिबूवर, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरवर जगणारे. त्यांच्यातल्या आहियारम्युत लोकांना सरकारने 1950 पासून एनाडाय लेकवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि 1957-58 च्या हिवाळ्यात हेनिक लेकला उपासमारीने माणसं मेली. वाचलेल्यांतले अनेक जण शेवटी आर्व्हियातसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत आले. याबद्दल सरकारने माफी मागितली 2019 मध्ये, आर्व्हियातलाच. आणि हे ऐकल्यावर लगेच असं म्हणायचा मोह होतो की बघा, सगळं हरवलं म्हणून शिल्पातूनही सगळं गळून गेलं. मला ते पटत नाही, फार सोपं आहे ते. एलिझाबेथ नुताराआलुकच बघा, ती एनाडाय लेकचीच, हे सगळं भोगलेली, आणि तिच्या बायका कशा आहेत, दणकट, ओबडधोबड, वेण्या घातलेल्या, अंगाखांद्यावर पोरं. काहीही गळून गेलेलं नाही, उलट सगळ्यांना घट्ट धरलंय. पॉलिशच्या भानगडीत ती पडत नाही, हत्यारांच्या खुणा तशाच.

ही शिल्पं इतकी साधी का, याचं दुसरं उत्तर जे नेहमी दिलं जातं ते दगडाचं. यात तथ्य आहे. किंगाइटला, म्हणजे जुन्या केप डॉर्सेटला, सर्पेंटाइन नावाचा हिरवा दगड मिळतो, त्याला काचेसारखी चकाकी येते, बारीक नक्षी धरते. आर्व्हियातचा दगड करडा आणि कडक, त्या काळी हातात कुऱ्हाड, कानस, आणि घासायला पॉलिश पेपर एवढंच, अशा दगडातून पक्ष्याचं पीस न् पीस काढत बसलात तर महिने जातील आणि नेमकी चोच शेवटच्या दिवशी तुटेल. म्हणून आकार मोठा ठेवायचा, कडा गोल करायच्या, टोकं बाहेर येऊ द्यायची नाहीत. ठीक. पण मग त्याच गावातला अँडी मिकी बघा, पँगनार्कच्याच पिढीतला. तो प्राणी करतो, छोटे छोटे, आणि ते इतके कमी केलेले की ससा आहे की कुत्रा यावर भांडण होऊ शकतं, दोन कान किंवा दोन टेंगळं, बाकी नुसता गुळगुळीत ठोकळा. दगड तोच, हत्यारं तीच, गाव तेच, आणि तिघांची कामं शेजारी ठेवली तर न शिकलेला माणूसही सांगेल कुठलं कुणाचं. दगड फार तर काय करू नको ते सांगतो, काय करायचं ते माणूसच ठरवतो.

आपल्याकडचं कुणीतरी आता म्हणेल, की हे आपल्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यासारखंच की. दिसायला हो, पण तिथे दगड आधीच देव आहे, त्याला हात लावायचा नाही, आणि इथे हात लावून लावून, घासून घासून तो आकार आणलाय आणि विकायला ठेवलाय. साम्य तेवढ्यावरच सोडूया.

आता जॉन टिकटाक, या सगळ्यांत माझा सगळ्यात आवडता. 1916 चा जन्म. 1958 मध्ये रँकिन इनलेटला, हडसन बेच्या त्याच किनाऱ्यावरच्या गावी आला, तिथे निकेलची खाण होती, तिच्यात काम केलं, आणि 1962 मध्ये खाण बंद पडली. अख्खं गाव त्या खाणीवर उभं राहिलेलं, सगळे एकदम बेकार. टिकटाक कोरत राहिला. त्याची आई आणि मूल ही शिल्पं बघा, आईच्या अंगातून मूल वेगळं निघतच नाही, एकच पिंड, आणि कधी दंड आणि धड यांच्यामध्ये एक आरपार भोक, त्या भोकातून मागची भिंत दिसते. हे बघितलं की दक्षिणेकडचे लोक लगेच म्हणणार, हेन्री मूर, तो भोकं पाडणारा प्रसिद्ध इंग्रज शिल्पकार! कौतुक म्हणूनच म्हणतात बिचारे, पण मला ते खटकतं, कारण त्यात असं गृहीत आहे की भोक पाडायची परवानगी मूरने दिली. मूरच्या बायका ऐसपैस आडव्या पडलेल्या असतात, टिकटाकची माणसं थंडीत अंग चोरून बसल्यासारखी, त्यांच्या भोकाला वेगळा ताण आहे. विनिपेगला जॉर्ज स्विंटन म्हणून चित्रकार आणि प्राध्यापक होते, त्यांनी हे वेळेवर ओळखलं, 1970 मध्ये मॅनिटोबा युनिव्हर्सिटीत टिकटाकचं एकट्याचं प्रदर्शन भरवलं. एकट्याचं, हे महत्त्वाचं, कारण तोपर्यंत इन्युइट कला म्हणजे एक ढीग अशीच मांडणी असायची. नावाचं सोडा, 1941 पासून सरकारने प्रत्येकाला नंबरचा बिल्ला दिलेला होता, त्या काळातली शिल्पं उलटी केली तर काहींच्या तळाशी सहीच्या जागी ई-वनने सुरू होणारा नंबर दिसतो.

लुसी तासेओर तुत्स्वीतोक, 1934 ते 2012, पुन्हा आर्व्हियातच. तिचा दगड जवळजवळ सापडला तसा राहतो, आणि कडेकडेने चेहरे उगवतात, एक, तीन, कधी डझनभर, कुटुंबच्या कुटुंब. ती सांगायची की लहानपणी आजोबा वाळूत चित्रं काढून दाखवायचे, ते चेहरे डोक्यात राहिले. यात मला मजा वाटते ती मधल्या कोऱ्या जागेची. माणसं काठावर दाटीने आणि मध्ये नुसता दगड. बऱ्याच जणांना ते अर्धवट वाटतं. माझ्या मते तिने नेमकं तिथेच थांबायचं ठरवलं, आणि नाचणाऱ्या अस्वलाला गिऱ्हाईक जास्त असताना असं थांबणं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय, हे लक्षात घ्या.

पुढच्या पिढीचं थोडक्यात. किंगाइटचा जुताई टूनू, 2015 मध्ये गेला, तो दगडी डोक्यांवर चक्क वाक्यं कोरायचा. डेव्हिड रुबेन पिकटूकुन, 1950 चा, पाउलाटुकचा, लहानपणी रेसिडेन्शियल स्कूलमध्ये, म्हणजे मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या शाळेत नेलेला, तो ब्राझीलचा सोपस्टोन हा मऊ दगड वापरतो, आणि 2023 मध्ये इथे आपल्या आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओत त्याचं मोठं प्रदर्शन होतं, ज्यांनी चुकवलं त्यांनी चुकवलं. दगड ब्राझीलचा मग इन्युइट कसं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, पॅरिसचे रंग वापरणाऱ्या मुंबईच्या चित्रकाराला आपण कधी विचारलं होतं का? हत्यारं पण आता अँगल ग्राइंडर आणि तोंडाला मास्क, उणे तीसमध्ये घराबाहेरच्या शेडमध्ये, कारण ती धूळ घरात आणता येत नाही.

मागून प्रश्न आलाय की विकत घ्यायचं तर खरं-खोटं कसं ओळखायचं. इग्लूचं चित्र असलेला टॅग बघा, 1958 मध्ये सरकारने सुरू केला, 2017 पासून तो इन्युइट आर्ट फाउंडेशनकडे आहे. आणि वस्तू हातात घ्या, रेझिनचा माल हलका लागतो आणि दगडासारखा गार लागत नाही. पण घ्यायच्या आधी जमलं तर विनिपेगला जा, तिथल्या आर्ट गॅलरीत 2021 मध्ये कौमाजुक हे इन्युइट कलेचं केंद्र उघडलं, आत तीन मजली काचेचं कपाट आहे, त्यात हजारो शिल्पं, रस्त्यावरूनही दिसतं. अस्वलं भरपूर आहेत तिथे, आधी ती बघून घ्या, मग करड्या दगडांकडे वळा आणि लेबल न वाचता टिकटाक कुठला, मिकी कुठला ते ओळखून बघा. चला, पुढचा प्रश्न कुणाचा?