जुनी टू-टू आणि पॉलिश पेपर

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी, आणि निव्वळ पंख्याखाली बसायला आलेले मित्रहो. पत्रिकेवर 'जुन्या टू-टू रायफलींची निगा' असा विषय छापलाय. टू-टू म्हणजे पॉइंट टू-टू, साधारण ०.२२ इंची गोळीची छोटी रायफल. रायफल आणलेली नाही, परवाना सभेत मिरवायला दिलेला नसतो. पहिल्या रांगेने निर्धास्त बसावं. एक रिकामं काडतूस आणलंय, ते फिरवा आणि परत द्या. मागच्या वेळी कोणाच्या तरी नातवाने त्याची शिट्टी करून घरी नेली.

त्याच्या बुडाची कड बघा. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टिकली असते, इथे नाही. इथे कडच आतून पोकळ आणि पेट घेणारा मसाला त्या पोकळीत. चाप ओढला की फायरिंग पिन, म्हणजे आतली खीळ, ही कड नळीच्या काठावर चेपते आणि बार होतो. एकदा चेपलं की काडतूस पुन्हा भरता येत नाही, पण बनवायला स्वस्त. याचा पूर्वज स्मिथ अँड वेसनने १८५७ साली काढला आणि आज आपण वापरतो ते 'लाँग रायफल' नावाचं काडतूस १८८७ चं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायच्या १११ वर्षं आधीचं, आणि वेळापत्रकाला जास्त पक्कं!

अमेरिकेत एके काळी लोक पोरांसाठी टपालाने टू-टू मागवत. तिथे अजूनही जुनी, गंजकी रायफल थोडक्या पैशात घ्यायची आणि सुट्टीत दुरुस्त करत बसायचं, असा छंद आहे. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात खासगी आयात आटली, त्यामुळे इथली स्वस्त टू-टू एकच, वडिलांकडून आलेली. तीही परवाना नावावर होईतो दोन जोड चपला खाते.

माझी तशीच. बर्मिंगहॅमच्या बीएसएची. हो, मोटारसायकलवाली तीच बीएसए. वडील सांगायचे की बागेतली माकडं हिच्या आवाजाने पळत. मी पाहिलंय, माकडं पुढच्या कलमावर जाऊन वाट बघत बसत.

तर २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक जमा करायचं फर्मान आलं. मी निवृत्त मास्तर, मतदानाच्या रांगेत खुर्ची मागणारा. माझ्याकडून लोकशाहीला धोका! असो, नियम तो नियम. मार्चमध्ये नेऊन दिली. ४ जूनला निकाल लागला, त्यानंतर आणायला गेलो, तोवर हवा ओली झालेली. रायफल गोणपाटात गुंडाळलेली. गोणपाट! पावसाळ्यात आपण पाय पुसायला दारात टाकतो ते.

मी जीव मुठीत धरून गाठ सोडली, तर आत रायफल चकचकीत. क्षणभर आनंदच झाला. हवालदार म्हणाले, "मास्तरांनू, गंज इल्लो होतो, मियां पॉलिश पेपर मारलंय. बघा कशी चकाकता!"

माणूस भला, हेतू शंभर नंबरी. पण तीन रायफली रचलेलं बीएसएचं चिन्ह गेलं, नळीवरची निळसर काळी झाक गेली, आणि नंबरातला शेवटचा आठ घासून तीन झाला. परवान्यावर आठ, रायफलीवर तीन. नूतनीकरणाच्या टेबलावर विचारलं, "ही कोणाची बंदूक आणलीत?" मग सहा फेऱ्या. मी भिंग घेऊन, खिडकीच्या तिरप्या उजेडात आठाची डावी बाजू दाखवतोय. साहेब म्हणतात तीन. शिपाई म्हणतो आठ. चहावाला पोरगा म्हणाला आठच, पण त्याला कोण विचारतो. शेवटी वडिलांच्या परवान्याची पिवळी पडलेली प्रत पत्र्याच्या पेटीत सापडली आणि तीनाचा आठ झाला. गंजाने असलं काही केलं नसतं हो. गंज बिचारा वर वर होता.

चिठ्ठी आली का? पाच मिनिटं? अहो, विषय आत्ता कुठे...

बरं, भरभर सांगतो. परवानाधारकाने घरी करायचं ते फक्त पुसणं. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा), फायरिंग पिन, चाप यांना हात परवानाधारक कारागिराचाच. आधी रिकामी आहे का बघा, मग पुन्हा बघा. वरचा गंज दिसला की पॉलिश पेपर नाही. पातळ तेल लावून रात्रभर ठेवा आणि अगदी बारीक स्टील वूलने, म्हणजे पोलादी तारांच्या बोळ्याने, हलक्या हाताने टिपा. काळपट झाक राहिली तर राहू द्या, ती तिचं वय आहे. नळी मागून साफ करा. पुढून गज घातला तर तोंडाची कड झिजते आणि नेम जातो.

नळी आतून खडबडीत असेल तर दोष काडतुसांचा. जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे, ते जळून मागे मीठ उरतं, आणि त्याला आपली खारी हवा. तेवढ्याने निराश होऊ नका, शिशाच्या गोळीने अशी नळीही पुष्कळदा नीट मारते. रिकामा चाप ओढू नका, पिन नळीच्या काठावर आपटून खळगा पडतो आणि काडतूस अडकतं.

आनंद कुठे घ्यायचा? रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, दुसरीकडे कुठेच नाही. ही इवलीशी गोळी मैलभर जाते, आणि माकडांवर उगारायची गोष्टच सोडा, वन्यजीव कायदा आहे. घाटापलीकडे बघा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या, स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं, दोघांच्याही हातात हेच काडतूस. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. माझी गोळी अजून शर्टाला लागायची आहे.

हो, हो, उठतो. लाकडाला जवसाचं तेल, बोटाने, पातळ, आठवडाभराच्या अंतराने. एवढंच शेवटचं, तेलाच्या त्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा, नाहीतर अंगणात पसरून वाळवा. आमच्या पडवीत एकदा... नाही, अध्यक्ष उभे राहिले. ते काडतूस कोणाकडे आहे?