उणे १९६

(दृश्य : टाकीचं झाकण उघडतं. पांढरी वाफ कडेवरून फरशीवर उतरते.)

हा धूर नाही, थंडी आहे. टाकीत द्रवरूप नायट्रोजन आहे, उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणारा. उकळणं म्हटलं की आपल्याला चहाचं आधण आठवतं. इथली उकळी अशी की बोट बुडवलं तर बोट गमवावं लागेल.

खेड्यात वाढलेल्यांना ही टाकी ओळखीची वाटेल. गाय माजावर आली की मोटरसायकलला अशीच छोटी टाकी बांधून डॉक्टर गोठ्यात यायचे. कृत्रिम रेतन. उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंनी बायफ या संस्थेमार्फत ते गोठ्यागोठ्यापर्यंत नेलं. नायट्रोजन तोच, नळ्याही जवळपास तशाच. या टाकीतल्या नळ्यांत मात्र माणसाचे भ्रूण आहेत.

(दृश्य : लॅब. मंद पिवळा उजेड.)

पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं गाव, तिथलं एक आयव्हीएफ सेंटर, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा दवाखाना. कॅमेऱ्याचा लाइट लावायला परवानगी नव्हती, म्हणून चित्र थोडं दाणेदार आहे. इथं परफ्यूम चालत नाही, नेलपॉलिश चालत नाही, गजरासुद्धा चालत नाही. आमच्या साउंडवाल्यानं सकाळी अत्तर लावलं होतं. त्याला दिवसभर बाहेरच्या बाकावर बसावं लागलं.

मायक्रोस्कोपवर एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे भ्रूणतज्ज्ञ, मॅडम आहेत. पेशंट त्यांना ओळखत नाहीत. पेढे येतात ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये.

(दृश्य : मायक्रोस्कोपचा स्क्रीन.)

हे स्त्रीबीज. मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. डावीकडची काचेची नळी त्याला अलगद धरून ठेवते आणि उजवीकडून सुई येते. सुईत एकच शुक्रजंतू आहे, त्याची शेपटी आधीच दाबून थांबवलेली. आता बघा, बीजाचं आवरण आत दबतंय, अजून दबतंय... आणि गेली सुई आत.

याला इक्सी म्हणतात.

डिश इन्क्युबेटरमध्ये जाते. ३७ अंश, पोटात असतं तेवढं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम एकच गोष्ट शोधतात : बीजाच्या मध्यभागी शेजारी शेजारी दोन गोल. एक आईकडचा, एक बापाकडचा. दोन दिसले तर फलन झालं. एक किंवा तीन दिसले तर ती डिश बाजूला. पुढच्या दिवशी साधारण चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना इतक्या चिकटतात की मोजता येत नाहीत, सीताफळासारखा एक गोळा दिसतो.

आणि हा पाचवा दिवस. लॅबच्या भाषेत ‘ब्लास्ट’. आत पाणी भरून फुगा झालाय. फुग्याच्या कडेचा पातळ थर पुढे वार होणार, आणि आतल्या अंगाला चिकटलेला हा छोटा पुंजका, तो बाळ. झाला तर.

या जोडप्याची नऊ बीजं निघाली. सहा फळली. पाचव्या दिवसापर्यंत पोचले चार. चारही एकदम गर्भाशयात सोडत नाहीत. जुळी-तिळी झाली की आईचाही जीव धोक्यात येतो. एक सोडायचा आणि तीन टाकीत.

(दृश्य : स्टॉपवॉच, तीन छोटे थेंब, पिपेट.)

गोठवणं म्हणजे नुसतं गार करणं नव्हे. पाण्याचा बर्फ झाला की त्याला टोकं येतात आणि ती पेशी आतून फाडतात. म्हणून आधी पेशीतलं पाणी काढून घ्यायचं. पहिल्या द्रावणात भ्रूण आक्रसतो, मनुक्यासारखा, मग हळूहळू पुन्हा भरतो. दुसऱ्या द्रावणात जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात त्याला उचलून या केसाएवढ्या पट्टीवर ठेवायचं, जास्तीचा थेंब शोषून घ्यायचा आणि थेट नायट्रोजनमध्ये. उरलंसुरलं पाणी इतक्या झटक्यात थिजतं की त्याचा बर्फ होत नाही, काच होते.

(इथे निवेदन नाही. पट्टी बुडतानाचा ‘चर्र’ आवाज.)

हे तंत्र आज जिल्ह्याच्या गावी आहे. भारतात भ्रूण पहिल्यांदा गोठवला गेला, तेव्हा कुणाला पटलंच नाही.

(दृश्य : परळ. केईएमचं गेट, मग जहांगीर मेरवानजी रस्ता, संशोधन संस्थेची इमारत.)

६ ऑगस्ट १९८६. केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला. वैद्यकीय बाजू डॉ. इंदिरा हिंदुजांची, प्रयोगशाळा शेजारच्या या प्रजनन संशोधन संस्थेची, आणि संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, अशी नोंद झाली.

अकरा वर्षांनी, १९९७ साली, आनंद कुमार कोलकात्याला गेले. तिथं त्यांच्या हातात हस्तलिखित टिपणं पडली, डॉ. सुभाष मुखर्जींची. माणूस हयात नव्हता. आनंद कुमारांनी ती टिपणं ओळीनं वाचली, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण पहिले नाही.

३ ऑक्टोबर १९७८. इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली त्याला जेमतेम सत्तर दिवस झाले होते, आणि कोलकात्यात ‘दुर्गा’ जन्मली होती. तीही कशी? मुखर्जींनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकाच पाळीत अनेक बीजं मिळवली. भ्रूण आठ पेशींचा झाल्यावर गोठवला, ५३ दिवस ठेवला आणि गर्भाशय तयार असेल अशा पुढच्या पाळीत सोडला. आजच्या लॅबमध्ये हेच चालतं. जगात गोठवलेल्या भ्रूणापासून झालेलं पहिलं मूल म्हणून ज्याची नोंद आहे, ते मेलबर्नचं. साल १९८४.

मुखर्जींवर सरकारनं चौकशी समिती बसवली. अध्यक्ष रेडिओफिजिक्सचे. समितीनं दावा फेटाळला. पुढे त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

आनंद कुमारांनी ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात लेख लिहिला आणि पहिलेपणाचा मान स्वतःच्या हातानं मुखर्जींना देऊन टाकला. या इमारतीबाहेर त्याचा उल्लेख कुठं दिसतो का, म्हणून आम्ही दोनदा चक्कर मारली. बाहेर वडापावची गाडी आहे आणि ‘नो पार्किंग’ची पाटी आहे.

याच संस्थेत पुढे, जोडप्यांनी दिलेल्या उरलेल्या भ्रूणांपासून, मूळपेशींच्या दोन मालिका तयार झाल्या : किंड-१ आणि किंड-२. मघाचा तो आतला पुंजका आठवतो ना? त्याच्या पेशी बाहेर काढून वाढवल्या की त्या वाढतच राहतात, आणि त्यांच्यापासून हृदयाची पेशी, मज्जापेशी, काहीही घडवता येतं. १९९८ साली विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांनी हे पहिल्यांदा केलं. पुंजका काढला की भ्रूण संपतो. भारतात प्रयोगशाळेत भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवायला मनाई आहे. २००६ पासून जपानच्या यामानाका यांच्या पद्धतीनं साध्या प्रौढ पेशीही मागं वळवून मूळपेशींसारख्या करता येतात. पण गर्भाचे पहिले दिवस समजून घ्यायचे तर टाकीतल्याकडेच यावं लागतं.

(दृश्य : कॉरिडॉर. ‘येथे लिंगनिदान केले जात नाही’ हा फलक. मग टेबल आणि फॉर्म.)

आता हे टेबल. चेहरे दाखवायचे नाहीत या अटीवर जोडप्यानं चित्रीकरण करू दिलं, म्हणून फक्त हात दिसतायत. तिच्या हाताला सलाइनची पट्टी आहे. फॉर्मची चळत इंग्रजीत.

“ताई, इथं सही करा. दादा, तुम्ही इथं. आणि इथं. आणि मागच्या पानावर.”

मागच्या पानावर काय आहे? उरलेल्या भ्रूणांचं काय करायचं. दोघांपैकी कुणाचं बरंवाईट झालं तर काय करायचं. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१चा कायदा सांगतो की हे आधी लेखी घेतल्याशिवाय भ्रूण गोठवायचाच नाही. दहा वर्षांच्या वर ठेवता येत नाही. मुदत संपली की नष्ट होऊ द्यायचे, किंवा जोडप्याची संमती असेल तर नोंदणी झालेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. विकता येत नाहीत.

आमच्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर हा शॉट अखंड आहे, कुठंही कापलेला नाही. मागचं पान उलटण्यापासून शेवटच्या सहीपर्यंत : अकरा सेकंद.

(अकरा सेकंद शांतता. फक्त पेनाचा आवाज.)

आम्ही त्या ताईंना विचारलं, तीन ठेवलेत त्यांचं पुढे काय? त्या म्हणाल्या, “पहिलं राहू दे की आधी.”

हे पान मराठीत हवं. बीजं काढायच्या आदल्या आठवड्यात घरी न्यायला मिळायला हवं, सासूबाई झोपल्यावर दोघांना वाचता येईल असं. भूल उतरता उतरता नको.

(दृश्य : सोनोग्राफीचा पडदा. बारीक नळी. एक पांढरा ठिपका चमकतो.)

तो ठिपका म्हणजे भ्रूण नव्हे, त्याच्यासोबत सोडलेला हवेचा बुडबुडा. भ्रूण दिसत नाही. चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी.

(दृश्य : पुन्हा टाकीची खोली.)

मंगळवारी टेम्पो येतो नायट्रोजन घेऊन. टाकीतलं दर दिवसाला थोडं थोडं उडून जातं. मॅडम लांब पट्टी तळापर्यंत घालतात, बाहेर काढून हवेत हलवतात. ओलं होतं तिथपर्यंत दव गोठतं, पांढरी रेघ येते. तेवढीच पातळी. आकडा रजिस्टरमध्ये.

त्याच रजिस्टरच्या पुढच्या पानावर आजची नोंद आहे. केनचा, म्हणजे नळ्यांच्या दांडीचा, क्रमांक, नळीचा रंग निळा, ग्रेड, संख्या ३. शेवटचा रकाना ‘मुदत’. तिथं मॅडम आजची तारीख लिहितात, फक्त साल दहानं पुढचं. बाकीचं सगळं पेनानं लिहिलंय. हे पेन्सिलीनं.

(झाकण बसतं.)