छपरावरचं वानर आणि वस्तानची हाडं

नमस्कार मंडळी.

काजूचा मोसम आला की आमच्या परसवात पत्र्याचा डबा टांगतात. वानर आले की बडवायचा. परवा एक वानरीण माडाच्या झापाला पायाने धरून बसली होती. अंगठा बाकीच्या बोटांपासून पार वेगळा, हातासारखी पकड. मी घोट्याकडे बघत राहिलो आणि डबा वाजवायचा राहिला!

अशाच इवल्याशा हाडांची गोष्ट आहे. आपल्याच किनाऱ्याने वर गेलं की सुरत जिल्ह्यात वस्तान लागतं. तिथली खाण लिग्नाइटची, म्हणजे कच्च्या कोळशाची. सुमारे 5 कोटी 45 लाख वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, काठाला दाट रान. अशोक सहानी, राजेंद्र राणा, किशोर कुमार आणि अमेरिकेचे केनेथ रोझ या जीवाश्म-अभ्यासकांच्या चमूने तिथली माती पोत्यांनी भरून नेली, बारीक चाळणीत धुतली आणि उरलेलं सूक्ष्मदर्शकाखाली निवडलं. जवळा निवडायला बसलेल्या बायकांना हे काम समजावून सांगावं लागणार नाही. त्यातून तांदळाच्या दाण्याएवढे दात मिळाले, घोट्याची हाडं मिळाली. मार्कगोडिनोशियस आणि एशियाडॅपिस अशी त्या प्राण्यांची नावं. खारीच्या आसपासचे हे जीव झाडावर राहणारे, आपल्या वानरांचे फार लांबचे भाऊबंद. 2016 साली त्यांच्या हातापायांच्या 25 हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मग आपल्याकडे का नाही सापडत? आपला काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि वरचा जांभा पावसाने धुऊन धुऊन झालेला. इथे खणलं तर विहिरीला पाणी लागेल, हाड नाही लागायचं.

खरा वाद पुढे आहे. भारताला चिकटलेलं मादागास्कर सुटलं, मग सेशेल्स सुटलं, आणि भारत एकटा उत्तरेला सरकत आशियाला लागला. त्या गलबतावर माकडांचे पूर्वज आधीपासून होते, की बाहेरून आले? कांबेथेरियम नावाचा प्राणी वस्तानलाच सापडला, घोडे-गेंड्यांच्या पूर्वजांच्या जवळचा. त्यावरून त्या कुळाचा उगम भारतात किंवा जवळपास झाला असावा, असं रोझ आणि मंडळींचं म्हणणं. ते मला पटतं. माकडांबाबत मात्र मी इतक्यात हो म्हणणार नाही. वस्तानचे दात युरोपातल्या दातांशी फारच जुळतात. गलबत धक्क्याला लागायच्या आधीच होड्यांतून काही उतारू चढले असणार.